आधी पाणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



समितीने मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कॉम्प्युटरवर काहीतरी बोल." मी हो म्हणाले. पण पंधरा दिवस प्रयत्न करूनही ते भाषण काही लिहून होईना. या आवारात यायचं म्हटलं की मला आपली प्रयोगशाळाच आठवते. म्हणून आज मी नववीचा एक धडा परत घेणार आहे: आम्ल, आम्लारी आणि क्षार. घाबरू नका, मी शेवटी प्रश्न विचारणार नाही. बाईंनी विचारले तर मात्र माझा इलाज नाही.

बाईंनी त्या धड्याची सुरुवात फळ्यावरून केली नव्हती. प्रत्येकाला घरून चिमूटभर हळद आणायला सांगितली होती. आपण कागदाला हळद चोळली. एका टोकाला लिंबाचा थेंब टाकला, काहीच झालं नाही. दुसऱ्या टोकाला साबणाचं पाणी लावलं आणि कागद लाल झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, कुंकू!" सगळा वर्ग हसला, पण बाई म्हणाल्या, "बरोबर. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच होतं." गणवेशावर वरणाचा डाग पडला, की आईने साबण लावताच तो लाल का होतो, हे त्या दिवशी कळलं. हळद हा आम्लारी ओळखणारा दर्शक आहे. लिटमसचा कागद परवडत नसेल तर आपल्या मिसळणाच्या डब्यात तो असतोच.

आता थोडी उजळणी. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. दोन्ही एकत्र आले की या दोन आयनांचं पाणी होतं आणि उरलेल्याचा क्षार. याला उदासिनीकरण म्हणतात. ही व्याख्या स्वीडनच्या आऱ्हेनियसची. ज्या प्रबंधातून त्याने आयनांचा विचार मांडला, त्याला १८८४ साली विद्यापीठाने जेमतेम पास होण्याइतकी श्रेणी दिली होती. पुढे १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. माझ्यासारख्या पहिल्या बाकावरच्यांनी आणि शेवटच्या बाकावरच्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

आम्ल किती तीव्र, आम्लारी किती तीव्र, हे मोजायला सामूची पट्टी असते. ती १९०९ साली सोरेन्सन या शास्त्रज्ञाने कोपनहेगनमध्ये एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधली. हे बाईंनी तेव्हा आपल्याला सांगितलं नव्हतं! लिंबाचा रस दोनच्या आसपास, शुद्ध पाणी सात, आपलं रक्त ७.४, खायच्या सोड्याचं पाणी आठच्या थोडं वर, चुन्याची निवळी बाराच्या वर, आणि कॉस्टिक सोड्याचं संहत द्रावण चौदाच्या जवळ. ही पट्टी फूटपट्टीसारखी नाही. तिच्यावर एक घर पुढे म्हणजे दहापट. आठ आणि चौदामध्ये सहा घरं आहेत, म्हणजे दहा लाखपट. खायचा सोडा आणि कॉस्टिक, दोन्ही आम्लारीच. एकीने भजी खुसखुशीत होतात, दुसरीने काय होतं ते मी पाहिलं आहे.

त्याआधी आपल्या प्रयोगशाळेतला एक प्रसंग. आपल्यातल्याच एकाच्या हातावर सल्फ्युरिक आम्लाचे थेंब उडाले होते. तो आज समोरच बसलाय, नाव घेत नाही. कुणीतरी हुशारीने कॉस्टिकची बाटली घेऊन धावलं. बाईंनी ती हातातून काढून घेतली, त्याला मानगुटीला धरून नळाखाली उभा केला आणि तास संपेपर्यंत हलू दिलं नाही. तो म्हणत होता, "बाई, आता काही होत नाही." बाई म्हणाल्या, "आधी पाणी. समीकरण नंतर." आपण नंतर बरेच दिवस हे वाक्य एकमेकांना चिडवायला वापरलं. डबा सांडला, आधी पाणी. मार्क कमी पडले, आधी पाणी.

माझे बाबा पूर्व भागातल्या एका छोट्या डाइंगमध्ये सूत रंगवायचे. तुमच्यापैकी काहींनी त्यांचे हात पाहिले असतील. नखांच्या कडा कायम निळ्या. सोलापुरी चादरीचे पक्के रंग पाण्यात नुसते विरघळत नाहीत. त्यासाठी कढईत कॉस्टिक आणि हायड्रोस घालावं लागतं. मग रंग विरघळून धाग्यात शिरतो आणि सूत हवेत काढलं की आतच पक्का होतो. सुतात राहिलेलं कॉस्टिक मारायला शेवटी ॲसेटिक ॲसिडचं पाणी देतात. म्हणजे आपल्या पुस्तकातलं उदासिनीकरण बाबा रोज करायचे. फक्त त्यांना तो शब्द माहीत नव्हता.

नववीची वार्षिक परीक्षा जवळ आली होती. मी दुपारी डबा घेऊन गेले. बाबांना घाई होती. एरवी ते पाण्यात कॉस्टिकच्या पापड्या थोड्या थोड्या सोडायचे. त्या दिवशी डब्याच्या तळाशी उरलेल्या पापड्यांवर त्यांनी गरम पाणी ओतलं. कॉस्टिक विरघळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. पाणी जागच्या जागी उकळलं आणि उसळून त्यांच्या हातावर आणि डाव्या डोळ्यात गेलं.

ॲसेटिक ॲसिडचा कॅन दोन हातांवर होता. एक कामगार ओरडला, "ॲसिड मारा, कॉस्टिक मरतंय!" आणि खरं सांगते, माझाही हात कॅनकडे गेला होता. वर्गात पहिली येणारी मुलगी मी. डोक्यात समीकरण लख्ख होतं: आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. त्या समीकरणात चूक काहीच नव्हती.

पण कानात दुसरंच वाक्य आलं. मी ओरडले, "पाणी! आधी पाणी!" शेजारी सूत सोडवत बसलेल्या मावशी तेलुगूत ओरडल्या, "नीळ्ळू! नीळ्ळू!"

डाइंगचा हौद तळाला गेला होता. उरलं होतं ते रंगाचं पाणी. आपल्या सोलापुरात पाण्याचं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या आठवड्यात नळ परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. तरी गल्लीतल्या बायकांनी घरातल्या भरलेल्या घागरी आणल्या. पिण्याचं, गाळून झाकून ठेवलेलं पाणी. कुणी विचारलं नाही की उद्या काय. मी बाबांची पापणी दोन बोटांनी उघडी धरली होती आणि त्या एकामागून एक घागर ओतत होत्या. रिक्षा येईपर्यंत ओतत होत्या, रिक्षातही एक घागर घेतली.

डॉक्टर म्हणाले, "डोळा पाण्याने वाचवला." बाबांना त्या डोळ्याने आजही थोडं धुरकट दिसतं, पण दिसतं. माझ्या लग्नाच्या अक्षता त्यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहिल्या.

समीकरण बरोबर असून ॲसिड का ओतायचं नाही, हे मला नीट कळलं ते पुढे इंजिनिअरिंगला. उदासिनीकरणातूनही उष्णता निघते, म्हणजे भाजलेल्या जागी पुन्हा भाजणं. शिवाय नेमकं किती ॲसिड लागेल हे त्या क्षणी कुणाला माहीत असतं? जास्त झालं तर दुसरी जखम. पाणी मात्र पदार्थ विरल करतं, वाहून नेतं आणि उष्णताही नेतं.

दुसरी गोष्ट. आपण ॲसिडला घाबरतो आणि आम्लारीला साधी समजतो. आम्ल बहुधा कातडीतली प्रथिनं गोठवतं, त्यामुळे त्याच्याच वाटेत अडथळा तयार होतो. कॉस्टिक प्रथिनं विरघळवतं, चरबीचा साबण करतं आणि आत आत जात राहतं. बोटांना ते बुळबुळीत लागतं, ते आपल्याच कातडीचा साबण होत असतो. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो.

आता आपल्या घरात बघा. संडास साफ करायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल, तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पुडीत कॉस्टिक. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. आणि तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी नातवंडांच्या हाती देऊ नका. मुलं ती दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. तसं झालंच तर लिंबू नको, तूप नको, दूध नको. कपड्यावर उडालं असेल तर कपडा काढा, डोळा उघडा धरून निदान अर्धा तास वाहतं पाणी, आणि लगेच डॉक्टर.

बाई, माझ्या कामात रात्री-बेरात्री फोन येतात. यंत्रणा बंद पडलेली असते, दहा हुशार माणसं दहा कारणं सांगत असतात. तेव्हा मी विचारते, "आत्ता नुकसान कशाने थांबेल? कारण नंतर शोधू." माझ्या हाताखालच्या मुलांना वाटतं, ही मॅडमची पद्धत आहे. ती तुमची आहे.

तुम्ही आम्हाला समीकरण शिकवलंत, त्यावर मला मार्क मिळाले. आणि समीकरणाच्या आधी काय करायचं ते शिकवलंत, त्यावर माझ्या बाबांचा डोळा राहिला. बाबा आज आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. तुम्हाला भेटायचं म्हणून सकाळपासून तयार होऊन बसले होते. भाषण संपलं की मी त्यांना तुमच्याकडे घेऊन येते.