पुराणकथांची वाट आणि आपली लेखणी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, कथालेखन-स्पर्धेच्या पारितोषिक समारंभी केलेले भाषण)



यंदाच्या कथालेखन-स्पर्धेसाठी ‘पुराणांतील एक प्रसंग’ हा विषय ठेवण्यात आला आणि परीक्षणाचे काम चिटणीसांनी आमच्यावर सोपविले. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेल्या माणसाला हे काम नवे नाही. तथापि या कथा वाचून आमच्या मनात जे विचार आले ते पारितोषिकांच्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटल्यावरून आपल्यापुढे मांडण्याची परवानगी घेतो.

मुलांची कल्पनाशक्ती कमी पडली असे मुळीच नाही. परंतु दहा कथांतील दहा द्रौपदी एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. बोलणे तेच, रडणे तेच, दागिनेही तेच. याचे कारण उघड आहे. सन १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायणाची आणि १९८८ मध्ये महाभारताची मालिका सुरू झाली, १९८० च्या दशकातील त्या मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखविल्या गेल्या, आणि आज आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या डोळ्यांपुढे तीच चित्रे उभी राहतात. त्या मालिकांनी कथा घरोघर पोचविल्या, हे उपकारच होत. परंतु जो लेखक एकाच पाणवठ्यावर पाणी पितो, त्याच्या लेखनास त्या एकाच पाण्याची चव येते.

स्पर्धेत भाग घेतलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हांस सरळ विचारले, “गुरुजी, संस्कृत मला येत नाही, जुन्या ओव्या समजत नाहीत. मग मूळ कथा वाचायची कोठे?” प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्या मुलांपैकी पुष्कळशी आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्यांना ‘वाचत नाही’ म्हणून रागावणे सोपे आहे, परंतु वाट दाखविणे हे आपले काम आहे. आमच्या अल्प माहितीप्रमाणे ती वाट आम्ही सांगतो.

पहिली पायरी अगदी सोपी असावी. ‘अमर चित्र कथा’ ही अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली चित्रमाला अनेक भारतीय भाषांत निघाली. कथेचा सांगाडा मनात बसविण्यास तिचा चांगला उपयोग होतो. मद्रासहून निघणारे ‘चांदोबा’ मासिक आता बंद पडले आहे. तरी जुने अंक ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

दुसरी पायरी कोशांची. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या ऋषीचे, राजाचे किंवा स्त्रीचे नाव काढावे, की तिची कथा कोणकोणत्या ग्रंथात आली आहे ते थोडक्यात कळते. पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला ‘भारतीय संस्कृतिकोश’ दहा खंडांचा असून त्यात कथांबरोबर व्रते, क्षेत्रे आणि रूढी यांचीही माहिती मिळते. गोष्ट लिहू इच्छिणाऱ्याने या कोशांपुढे एक दुपार घालविली, तर महिन्याभराचे खाद्य मिळेल.

तिसरी पायरी आपल्या जुन्या मराठी कवींची. ओवी कठीण आहे ही समजूत निम्मी खरी आहे. मुक्तेश्वरांचे भारत किंवा मोरोपंतांच्या आर्या नवशिक्याला जड जातील. परंतु श्रीधरस्वामी नाझरेकर यांनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ लिहिले तेच मुळी पंडितांसाठी नव्हे, तर गावच्या देवळात बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांसाठी. चातुर्मासात एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी त्यांची रचना आहे. मोठ्याने वाचून पाहा. डोळ्यांस जे कळत नाही ते कानांस कळते. रोज पंचवीस ओव्या वाचल्या, तर महिन्याच्या आत ती भाषा घरची वाटू लागते.

चौथी पायरी अलीकडच्या लेखकांची. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्या पुष्कळांनी वाचल्या असतील. आता त्या लेखकाच्या नजरेने पुन्हा वाचाव्यात. खांडेकरांनी एकच कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली, तर सावंतांनी कर्णाभोवती आणखी निवेदक उभे केले. एकच घटना दुसऱ्याच्या दारातून पाहिली की ती नवी होते, हा धडा येथे मिळतो. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) ही पुस्तके कादंबऱ्या नव्हेत. परंतु गांधारी, कुंती, विदुर ही माणसे म्हणून कशी वाचावीत ते तेथे शिकावयास मिळते. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तथापि त्याची भाषा दहावीच्या मुलासही समजेल इतकी सरळ आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. ययाति, कर्ण, कुंती हे सर्वांचे आहेत. परंतु ‘ययाति’मधील अलका ही खांडेकरांची स्वतःची निर्मिती आहे. ती उचलून आपल्या कथेत बसविणे हे शेजाऱ्याच्या बागेतील फुले आपल्या देवाला वाहण्यासारखे होय. कोणती गोष्ट परंपरेची आणि कोणती एका लेखकाची, हे ओळखण्यासाठीच दोन-तीन पुस्तके ताडून पाहावी लागतात.

ताडून पाहण्याचा लाभ किती मोठा, ते एका उदाहरणाने सांगतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले, बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासली आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. आपल्या स्पर्धेतील बहुतेक कथांत द्रौपदी मयसभेत दुर्योधनाला हसून ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणते. या आवृत्तीच्या सभापर्वात हे वाक्य नाही. तेथे दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम व त्याचे भाऊ हसतात, आणि राजाज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे दिली जातात. पुढे हस्तिनापुरी परतल्यावर मात्र दुर्योधन बापाला सांगतो, की द्रौपदीही सख्यांसह मला हसली. आता विचार करा. ती खरोखर हसली होती, की अपमानाने जळणाऱ्या माणसाला ती हसल्यासारखे वाटले? मालिकेतील वाक्य घेतले, तर सारा दोष एका स्त्रीच्या जिभेवर जाऊन गोष्ट संपते. ग्रंथ उघडला तर गोष्ट तेथून सुरू होते.

अशी स्थळे पुष्कळ आहेत. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही, शबरीची उष्टी बोरे नाहीत, आणि तेथील बालकांडात अहल्या शिळा होत नाही, तर कोणासही न दिसता, वायुभक्षण करीत, राखेत पडून तप करते. म्हणून नंतरच्या कथा खोट्या असे कोणी समजू नये. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कीर्तनकारांनी आणि आयाबायांनी त्या प्रेमाने घातल्या आहेत. कोणी, केव्हा, कशासाठी घातल्या, हा शोध मात्र लेखकास उपयोगी पडतो.

आणि ग्रंथांच्या पलीकडे आपले घर आहे. श्रावणातील कहाण्या, जात्यावरच्या ओव्यांतील सीतेचा वनवास, कोकणातील दशावतार, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ही सारी पुनर्कथनेच होत. पुराणात वामनाने बळीला पाताळात घातले, म्हणून आपण वामनाला वंदन करतो. पण दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना आमच्या आयाबहिणी बळीचेच राज्य येवो असे म्हणतात. देवाला नमस्कार आणि हरलेल्या राजाबद्दल माया, ही दोन्ही एकाच ताम्हनात! याहून सुंदर कथाबीज कोणते? ज्या घरात आजी आहे, त्या घरातील मुलांनी तिच्या कहाण्या तिच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. हल्ली मोबाइलवर आवाजही साठविता येतो. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

आता एक नाजूक गोष्ट, जी ज्ञातीच्या व्यासपीठावरच बोलणे आम्हांस योग्य वाटते. जवळजवळ प्रत्येक ज्ञातीला आपल्या उत्पत्तीची एखादी पुराणकथा असते. स्कंदपुराणाचा भाग म्हणविणारे ‘सह्याद्रिखंड’ १८७७ मध्ये मुंबईस छापले गेले. त्यात अशा कथा आहेत. काही ज्ञातींना त्यात गौरव आहे, तर काहींची निंदा आहे. आमच्या तरुणांनी अशा कथा अवश्य वाचाव्यात. परंतु कथा ही कथा आहे, ते जन्माचे प्रमाणपत्र नव्हे. आपले मोठेपण सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या ज्ञातीला हीन ठरविणारी ओळ आपल्या स्मरणिकेत कधीही छापली जाऊ नये. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणविले ते वाचताना आपले डोळे पाणावतात. मग उठून आपणच कोणाला त्याच शब्दाने हाक मारणार असू, तर ते वाचन फुकट गेले.

ज्या कथेस आम्ही पहिला क्रमांक दिला ती एकलव्याच्या आईची आहे. आदिपर्वात एकलव्याचा पिता निषादराज हिरण्यधनू याचे नाव येते, आई कथेत दिसत नाही. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, आणि अर्जुनाचे मन निश्चिंत झाले, एवढे सांगून ग्रंथ पुढे जातो. आमची ही विद्यार्थिनी पुढे गेली नाही. ती त्या झोपडीत थांबली आणि मुलाला घास भरविणारी आई तिने पाहिली. भाषा साधी आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत, परंतु ही आई कोणत्याही मालिकेतून आलेली नाही. लेखन म्हणजे ग्रंथ जेथे गप्प राहिला तेथे कान देणे, असे आम्ही समजतो.

शेवटी कार्यकारी मंडळास एक सूचना. बक्षिसांचे चषक पुढच्या वर्षी थोडे लहान करावेत आणि वाचलेल्या पैशांतून कार्यालयात एक काचेचे कपाट घ्यावे. वर नमूद केलेले ग्रंथ त्यात ठेवावेत आणि ते कुलूपबंद नसावे. चातुर्मासात आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून वडील मंडळींनी ‘पांडवप्रताप’ वाचावा, अडलेल्या शब्दांचा अर्थ सांगावा आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. अर्थ सांगण्याचे काम आमच्या अंगी ताकद आहे तोवर आम्ही आनंदाने करू.

बालमित्र हो, ज्यांना पारितोषिक मिळाले त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाले नाही त्यांनी आपल्या कथा फाडू नयेत. एक ग्रंथ वाचून त्याच कथा पुन्हा लिहाव्यात आणि आम्हांस आणून दाखवाव्यात.