गाडीतली ती टिणटिण

भाच्याने नवी गाडी घेतली आणि पहिल्या लांबच्या फेरीचा मान मामूला मिळाला. धुळ्याहून जळगावला लग्नाला निघालो होतो. भाचा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी आणि आपा मागच्या सीटवर. निघताना आपाने रिवाजाप्रमाणे माझ्या दंडाला इमाम जामिन बांधला. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कापडाच्या पट्टीत नाणं गुंडाळून बांधतात आणि पोहोचल्यावर ते नाणं गरिबाला देतात.

गाडी सुरू झाली आणि टिण टिण सुरू झालं. मी सीट बेल्ट लावला नव्हता. अंगात नवी कडक इस्तरीची शेरवानी, तिला चुण्या पडल्या असत्या! फागणे गेलं तरी आवाज थांबेना. मी कवी माणूस, कानाने जगणारा. एकाच सुरात, एकाच लयीत कुणी बोलत राहिलं की माझं डोकं उठतं.

"मामू, एवढंच ना?" असं म्हणून भाच्याने खणातून एक चपटी क्लिप काढली आणि बेल्टच्या खाचेत खुपसली. आवाज बंद. पारोळ्यापर्यंत आम्ही खुशाल गप्पा मारत आलो.

एरंडोलच्या अलीकडे अंधारून आलं होतं. पुढे कापसाने भरलेली ट्रॉली होती. तिला मागे दिवा नव्हता. भाच्याने करकचून ब्रेक दाबला. ट्रॉली वाचली, गाडीही वाचली, पण माझं कपाळ समोरच्या काचेवर आदळलं. चार टाके पडले. शेरवानीवर चुण्यांऐवजी डाग पडले. मागे आपा पुढच्या सीटवर आपटली, पण तिचं मुक्या मारावर निभावलं.

लग्नघरी आपाने माझ्या दंडावरची पट्टी सोडली. म्हणाली, "ही पट्टी मी बांधली होती. दुसरी तू बांधायची होतीस." थोडं थांबून म्हणाली, "आणि मीसुद्धा."

तेव्हापासून मी या टिणटिणीचा जरा अभ्यास केला. बेल्टच्या कुलपात एक छोटा स्विच असतो. शेजारच्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. सीटवर कुणी बसलं आणि कुलूप लागलं नाही, की घंटी वाजते. चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी, दोघांसाठी ही सोय आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. सेन्सरला माणूस आणि पिशवी यांतला फरक कळेलच असं नाही. भरताची वांगी किंवा केळीची फणी सीटवर ठेवली तरी तो ओरडू शकतो.

आवाजाला वैतागणारे फक्त आपणच नाही. १९७४च्या मॉडेलच्या अमेरिकी गाड्या बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक एवढे भडकले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून ती सक्ती उठवली. आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बझर वाजवण्याची सक्तीही करता येणार नाही, असं ठरवलं. कान सुखावले, पण रस्ता तोच राहिला.

आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. ते दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. त्यानंतर त्या क्लिपांकडे सरकारचं लक्ष गेलं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा वस्तूंच्या १३,११८ जाहिराती विक्रीतून हटवल्या गेल्या. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं देशातल्या अपघातांत मरण पावली. त्यांतली निम्मी चालक नव्हती, नुसती बसलेली होती. माझ्यासारखी.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. गाडी थांबते, पण आतलं अंग त्याच वेगाने पुढे जातं. ते अडवायला बेल्टच लागतो. एअरबॅग आहे ना, असं काही जण म्हणतात. पण ती बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठी बनवलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस फुगणाऱ्या फुग्यावरच जाऊन आदळतो आणि त्यानेही इजा होते.

मग टिणटिणीचं करायचं काय? पिशवी डिकीत किंवा पायाशी ठेवा. बेल्ट गळ्याला काचत असेल आणि दाराजवळच्या खांबावर तो वरखाली करायची सोय असेल, तर तो खांद्यावरून जाईल असा बसवून घ्या. बेल्ट लावूनही घंटी वाजत असेल तर कुलपात धूळ किंवा नाणं अडकलंय का ते पाहा. तरी वाजली तर मेकॅनिककडे जा. क्लिप मात्र नको. बेल्ट पाठीमागून नेऊन अडकवणं म्हणजेही क्लिपच. मागे बसलात तरी लावा, घंटी वाजो न वाजो.

भाच्याने ती क्लिप गिरणेच्या पुलावरून फेकायला काढली होती. मी ती मागून घेतली. ती माझ्या टेबलावर आहे. कुणी काही दोनदा सांगितलं आणि मला राग आला, की मी तिच्याकडे बघतो. कपाळावरचा व्रण तर आरशात रोज दिसतोच.

परवा आपाला घेऊन पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. तिने दंडावर पट्टी बांधली, मग मागे बसून स्वतःचा बेल्ट ओढला. तो तिला लागेना. मी खाली उतरलो, मागचं दार उघडलं आणि कुलूप शोधून दिलं. खट्कन आवाज आला. भाच्याने विचारलं, "निघू या?" आपा म्हणाली, "आता निघ."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)