पेढीवरील मुलाखत



छत्तीस वर्षें मीं भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांतून मुलांच्या परीक्षा घेतल्या. परंतु गेल्या दिवाळीनंतर तांदळाच्या एका पेढीनें माझीच परीक्षा घेतली आणि तींत मी नापास झालों. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आपलें तुमसर ही धान-तांदळाची जुनी बाजारपेठ. तेथील एका व्यापाऱ्यास खरेदीच्या कामासाठीं कारकून हवा होता. माझे दोन जुने विद्यार्थी मुलाखतीस गेले. एक वाणिज्य शाखेचा पदवीधर, बोलण्यांत चतुर. दुसरा बारावी झालेला, मितभाषी. शेटजींनीं पदवीचा कागद बाजूस सारला आणि मूठभर धान पुढें करून पहिल्यास विचारलें, "यांत ओलावा किती?" तो तत्काळ उत्तरला, "सतरा टक्के." सरकारी खरेदींत ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के असते, एवढें तो वाचून गेला होता. दुसऱ्यानें एक दाणा दातांखालीं फोडून पाहिला व म्हटलें, "धान ओलें वाटतें, पण नेमका आंकडा यंत्राशिवाय मला सांगतां येणार नाहीं." यंत्रावर २० टक्के निघाले. नोकरी दुसऱ्यास मिळाली.

पहिला मुलगा संध्याकाळीं माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, उत्तर येत नसलें तरी कांहींतरी लिहावें, जागा कोरी सोडूं नये, असें आपणच सांगत होतां ना?" मी निरुत्तर झालों. हा उपदेश मीं शेंकडों मुलांना केला होता.

त्या रात्रीं मीं हिशेब मांडला. २० टक्के ओलाव्याचें १०० क्विंटल धान १७ टक्क्यांपर्यंत वाळलें, तर वजन सुमारें ९६.४ क्विंटल भरतें. म्हणजे साडेतीन क्विंटलांहून अधिक घट. कारकुनानें अंदाजानें १७ लिहिले, तर ती घट पेढीस सोसावी लागते. उलट कोरड्या धानास ओलें ठरविलें, तर ती शेतकऱ्याच्या माथीं बसते. शाळेंत चुकीच्या उत्तरानें एखादा गुण जातो. येथें कोणाच्या तरी घामाचें धान जातें.

आणखी एक उणीव मला दिसली. नोकरी मिळालेल्या मुलानें वेतन किती, कामाचे तास किती, हें संकोचानें विचारलेंच नव्हतें. तरुणांनो, तें विचारणें उद्धटपणा नव्हे. नियुक्तीचें पत्र मागून घ्यावें. आणि नोकरी देण्याआधीं जो पैसे मागेल, त्याच्या दारांतूनच परतावें. व्यापाऱ्यांनाही माझी विनंती आहे कीं, उमेदवारास दिवसभर ओट्यावर ताटकळत ठेवूं नये. नकार द्यावयाचा असल्यास तो त्याच दिवशीं स्पष्ट द्यावा.

परवां तो पहिला मुलगा दुसऱ्या एका पेढीवर जाऊन आला. तेथें त्याला १०० किलो धानामागें तांदूळ किती, असें विचारलें. सरकारी भरडाईंत साध्या तांदळाचें प्रमाण ६७ किलो धरतात, एवढें त्यानें सांगितलें. उकड्या तांदळाचें प्रमाण मात्र ठाऊक नाहीं, शिकून घेईन, असें म्हणाला. तें ६८ किलो आहे, हें त्याला घरीं परतल्यावर कळलें. मुलाखतीचा निकाल अजून लागावयाचा आहे.