चोख हिशेब आणि घराचा उंबरठा



२०२५ च्या जुलै महिन्यात बंगळुरूच्या रस्त्यांवर एक विलक्षण दृश्य दिसू लागले. चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या, किराणा दुकाने यांच्या दर्शनी भागी लावलेली क्यूआर कोडची पत्रके काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा हाताने लिहिलेल्या पाट्या झळकल्या. जे शहर संगणक-उद्योगाचे माहेरघर म्हणून देशभर ओळखले जाते, तेथील छोटा व्यापारी एकाएकी गल्ल्यातील नोटांकडे परतला.

कारण उघड होते. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयची सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांतील जमेची माहिती मिळवली. ज्यांची जमा वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेहून अधिक दिसली, परंतु नोंदणी मात्र आढळली नाही, अशा हजारो विक्रेत्यांना नोटिसा गेल्या. चार वर्षांतील १ कोटी ६३ लाख रुपयांच्या जमेपोटी एका भाजीविक्रेत्याला २९ लाखांची नोटीस आल्याचे वृत्त तर देशभर गाजले. ही अंतिम मागणी नसून खुलासा मागितला आहे, असे विभागाने सांगितले. पण ज्याने आयुष्यात कधी वकिलाची पायरी चढलेली नाही, त्याला या दोहोंतला भेद कोण समजावणार? २५ जुलैला बंदची हाक देण्यात आली. २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापारी प्रतिनिधींची बैठक घेतली. नोंदणी करून घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना जुन्या थकबाकीतून मोकळे करण्याचे आश्वासन मिळाले आणि वादळ शमले.

वादळ शमले, प्रश्न मात्र शिल्लक राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशातील यूपीआय व्यवहारांनी एका महिन्यात २,००० कोटींची संख्या प्रथमच ओलांडली. एवढी देवघेव ज्या मार्गाने होते, त्या मार्गावरील प्रत्येक पावलाचा ठसा कोठे ना कोठे उमटतो. हा ठसा कोणी पाहावा, किती पाहावा आणि त्यावरून काय निष्कर्ष काढावा? या प्रश्नात दोन निरनिराळ्या भीती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक कराची, दुसरी पाळतीची. पहिलीवरचा उपाय चोख हिशेब हा आहे. दुसरीवरचा उपाय कायद्याने दिलेला हक्क. या दोहोंची गल्लत झाली की प्रामाणिक माणूस रोखीच्या आडोशाला जातो आणि चुकवेगिरी करणारा खासगीपणाचे नाव पुढे करतो.

जमा, उलाढाल आणि उत्पन्न

यंत्राला रक्कम दिसते, तिचा अर्थ दिसत नाही. किराणा दुकानदाराच्या एकाच खात्यात विक्रीचे पैसे येतात, भावाने परत केलेले हातउसने येतात, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने घरखर्चाला पाठवलेली रक्कम येते आणि सहलीला गेलेल्या मित्रमंडळींची वर्गणीही येते. ही सारी जमा आहे. त्यातील विक्री तेवढी उलाढाल आणि उलाढालीतून खरेदी व खर्च वजा जाता उरते ते उत्पन्न. करकायदा या तिन्ही शब्दांना वेगळा अर्थ देतो.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही केवळ वस्तू विकणाऱ्यास वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत व सेवा पुरवणाऱ्यास २० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. ताजी भाजी मुळातच करमुक्त आहे. जो केवळ करमुक्त मालच विकतो, त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी करावी लागत नाही. म्हणजे त्या भाजीविक्रेत्याच्या बाबतीत निर्णायक प्रश्न ‘किती जमा झाले?’ हा नव्हताच. ‘काय विकले?’ हा होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही क्यूआर कोडमध्ये सापडत नाही.

प्राप्तिकराचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका दुकानात रोज सरासरी १०,००० रुपयांची विक्री होते आणि दुकान वर्षातले ३६० दिवस उघडे असते. वर्षाची उलाढाल ३६ लाख झाली. छोट्या व्यावसायिकांसाठी कायद्याने गृहीत नफ्याची सवलत दिली आहे. रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, तर बँकेमार्फत किंवा यूपीआयसारख्या मार्गाने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवावा लागतो. सारी विक्री यूपीआयने झाली असेल, तर हा नफा २ लाख १६ हजार रुपये येतो. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तो अधिकच दाखवावा, हे वेगळे सांगायला नको. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही. ज्या आकड्याच्या धास्तीने पाटी लावली, तो आकडा कागदावर मांडला असता तर धास्ती पुष्कळ ओसरली असती. उलाढाल ४० लाखांपुढे गेली तरी दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला आपसमेळ योजनेचा मार्ग आहे. त्यात उलाढालीवर १ टक्का कर भरून तो मोकळा होतो. मात्र हा कर त्याला ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही.

अमेरिकेतील धडा

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांना हाच पेच वेगळ्या रूपात भेटला. अमेरिकेत ऑनलाईन पेमेंट कंपन्यांना विक्रेत्यांच्या जमेचे विवरण ‘१०९९-के’ या नमुन्यात कर खात्याला कळवावे लागते. वर्षात २०,००० डॉलरहून अधिक रक्कम आणि २०० हून अधिक व्यवहार, अशी त्याची मर्यादा होती. २०२१ च्या कायद्याने ती एकदम ६०० डॉलरवर आणली. जुने फर्निचर विकणारे आणि घरभाड्याचा वाटा खोलीसोबत्याकडून घेणारेही त्यामुळे धास्तावले. अंमलबजावणी वर्षामागून वर्षे पुढे ढकलली गेली आणि अखेर जुलै २०२५ मधील कायद्याने जुनी मर्यादा परत आणली. या साऱ्या काळात एक गोष्ट बदलली नव्हती: ती मर्यादा कंपनीने माहिती कळवण्याची होती, कर लागण्याची नव्हे. नमुना आला नाही म्हणून करपात्र उत्पन्न करमुक्त होत नाही आणि नमुना आला म्हणून मित्राने परत केलेले पैसे उत्पन्न ठरत नाहीत. बंगळुरूच्या बेकरीवाल्याला आणि न्यूजर्सीच्या अभियंत्याला लागू पडणारे सूत्र एकच आहे.

रोखीचा आडोसा

प्रत्येक यूपीआय व्यवहार प्राप्तिकर खात्याकडे आपोआप पोहोचतो, असा समज सर्वत्र पसरला आहे. भाजीचे चाळीस रुपये कोणी कोणाला दिले, याची यादी त्या खात्याकडे नियमाने जात नाही. बँकेतील मोठा रोख भरणा, क्रेडिट कार्डाची मोठी देयके, स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार अशा गोष्टी कळवल्या जातात. नोव्हेंबर २०२१ पासून यांतील बरीचशी माहिती वार्षिक माहिती विवरणात करदात्याला स्वतःला पाहता येते आणि एखादी नोंद चुकीची असेल तर तेथेच हरकत नोंदवता येते. यातील विरोधाभास लक्षात घ्यावा. पाळतीला भिऊन रोखीकडे वळलेला दुकानदार ती रोकड कधीतरी बँकेत नेणारच, आणि मोठा रोख भरणा हाच कळवण्याच्या यादीत अग्रभागी आहे.

पाळतीची भीती

येथवर कराचा विचार झाला. परंतु ‘ज्याच्या मनात पाप नाही, त्याने काही झाकावे कशाला?’ असे म्हणून दुसरी भीती झटकून टाकता येणार नाही. माणसाच्या देवघेवीत त्याचे सारे घर दिसते. कोणत्या डॉक्टरकडे फेऱ्या चालू आहेत, कोणते औषध दरमहा येते, कोणत्या संस्थेला देणगी जाते, कोणत्या नातलगाला गुपचूप हात दिला जातो, हे सारे त्यात असते. पूर्वीच्या वाण्यालाही गिऱ्हाइकाच्या घरची स्थिती ठाऊक असे; पण त्याची उधारीची वही दुकानाबाहेर जात नसे. आज तीच वही बँक, पेमेंट कंपनी आणि ॲप अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते.

या बाबतीत भारतीय न्यायपरंपरेने घेतलेली भूमिका अभिमानास्पद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली मिलर खटल्यात असा निर्णय दिला की, बँकेकडील नोंदींवर खातेदाराला खासगीपणाचा घटनात्मक दावा करता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या प्रकरणात २००४ साली ही दिशा नाकारली. कागदपत्रे बँकेच्या हाती गेली म्हणून ग्राहकाचे त्यांवरील खासगीपण संपत नाही, असे ठरवले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यात शासनाने हस्तक्षेप करावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा.

करवसुली हा न्याय्य हेतू आहे, यात शंका नाही. परंतु माल कोणता, विक्री किती, हातउसने किती, हे न विचारता साऱ्या जमेवर आधी आकडा मांडणे आणि खुलाशाचा भार निरक्षर विक्रेत्यावर टाकणे, हे प्रमाणात बसते काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. त्या कायद्यात शासकीय यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत. तेव्हा शासनाच्या हातातील माहितीला मर्यादा घालण्याचे काम जागरूक नागरिकांनाच चालू ठेवावे लागेल.

घरापासून आरंभ

अशी जागरूकता घरापासून आणि दुकानापासून सुरू होते. दुकानाचे खाते आणि घरचे खाते वेगळे असावे. दुकानाचा क्यूआर कोड दुकानाच्याच खात्याला जोडलेला असावा. उसनवारीचे पैसे येता-जाता व्यवहारापुढे दोन शब्दांची नोंद लिहावी. आई-वडील, पती-पत्नी, मुले, भावंडे यांच्याकडून आलेल्या भेटीवर कर नाही. इतरांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक भेट आली तर मात्र ती उत्पन्नात धरली जाते, हे ध्यानात ठेवावे. विवरणपत्र भरण्यापूर्वी वार्षिक माहिती विवरण एकवार डोळ्यांखालून घालावे. नोटीस आली तर ती खरी आहे की बनावट, हे खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळावे आणि मुदतीत उत्तर द्यावे. घाबरून गप्प बसणे हाच सर्वांत महागडा मार्ग ठरतो.

घरच्या भगिनींनी एक पथ्य अवश्य पाळावे. यूपीआयचा पत्ता बहुधा मोबाईल क्रमांकावरूनच तयार होतो आणि पैसे देताना तो क्रमांक अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतो. नावावरून किंवा अक्षरांवरून तयार केलेला वेगळा पत्ता घेण्याची सोय अनेक ॲपमध्ये असते, ती वापरावी. ॲप संपर्कयादी किंवा ठावठिकाणा मागत असेल, तर त्याला त्याची खरोखर गरज आहे काय, हे पाहूनच परवानगी द्यावी.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मराठी व्यापारी वहीपूजन करतो. लक्ष्मीच्या शेजारी हिशेबाची वही मांडण्यात एक मर्म आहे: जी संपत्ती वहीत मांडता येते, तीच निर्भयपणे उपभोगता येते. दुकानाची कीर्द-खतावणी अशी असावी की ती कोणत्याही अधिकाऱ्यापुढे ताठ मानेने उघडता यावी. आणि ती तशी असते, तेव्हाच त्या अधिकाऱ्याला ‘येथवर कायद्याने या, घराचा उंबरठा मात्र ओलांडू नका’ असे ठामपणे सांगण्याचे बळ नागरिकाच्या अंगी येते.