न आलेल्या खेळांचे दप्तर



साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने संगणकावरच्या जुन्या खेळांविषयी बोलावे, हे काहींना वावगे वाटेल. पण पैनगंगेच्या अलीकडचा हा बेला परिसर आधी हैदराबाद संस्थानात होता, 1956 पासून आंध्र प्रदेशात आणि 2014 पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, घरातली मराठी राहिली. सरकारी दप्तराबाहेर पडलेले कोणी जपायचे, हा प्रश्न इथल्या माणसाला नवा नाही. आज तोच प्रश्न मी वेगळ्या जागी विचारणार आहे.

1980 च्या दशकात घरगुती संगणकांच्या नाना जाती होत्या आणि एकावरचा खेळ दुसऱ्यावर चालत नसे. गाजलेल्या स्पेक्ट्रम या संगणकाची मेमरी 48 केबी. त्याच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग बसत. कमोडोर 64 या दुसऱ्या संगणकात हलत्या चित्रांची निराळी सोय होती आणि आवाजासाठी स्वतंत्र चिप होती. खेळ एकीकडून दुसरीकडे न्यायचा म्हणजे तो मुळापासून पुन्हा लिहावा लागे. लिहिणाऱ्याला मूळ प्रोग्राम पुष्कळदा मिळतही नसे. आर्केडमधल्या यंत्रावर खेळ खेळून पाहायचा, चाली लक्षात ठेवायच्या आणि नव्याने रचायच्या. नाटककार देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, त्या जातीचे हे काम. काय सोडायचे, काय राखायचे, हे ठरवणारा तिथे एक लेखक बसलेला असतो. म्हणून हा विषय आपला आहे.

अशी कित्येक रूपांतरे लिहून झाली आणि बाजारात आलीच नाहीत. ‘सोलर जेटमन’ हा खेळ 1990 मध्ये निन्टेंडोच्या यंत्रावर आला. त्याचे कमोडोर 64 साठीचे रूपांतर तयार होऊनही विक्रीला आले नाही; पुढे जुन्या खेळांच्या शोधकांनी ते मिळवले. कधी कंपनीच बुडे. लिव्हरपूलची इमॅजिन 1984 मध्ये बुडाली, तेव्हा बीबीसीचे चित्रपथक तिथे चित्रण करत होते. ‘बँडरस्नॅच’ हा मोठा गाजावाजा झालेला खेळ तिथेच राहिला. तो रूपांतर नव्हता, पण नियती तीच. फ्रँक गॅस्किंग यांनी अशा न आलेल्या खेळांचा अनेक वर्षे माग काढून 2020 मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. मला तो ग्रंथ आपल्या संशोधनपरंपरेतला वाटतो.

प्रसिद्ध खेळांचीही गत फार वेगळी नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये अॅपल टू वर आला, जगभर पोचला. पण त्याचा मूळ प्रोग्राम खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्यापाशी उरला नव्हता. 2012 मध्ये त्यांच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी हाताशी जुनी यंत्रे घेऊन त्या वाचल्या, म्हणून तो आज उपलब्ध आहे. वडिलांनी खोके टाकून दिले असते तर?

आता आपल्या दारात येऊ. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. तो भारतातल्या काही हजार घरांत गेला. त्याच दशकात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले. या यंत्रांपुढे बसून जी ‘बेसिक’ ही संगणकभाषा शिकली, ती मुले आज पन्नाशीत आहेत. त्यांतल्या कोणी मासिकातला प्रोग्राम टंकला असेल, कोणी परदेशी खेळाला आपल्या रीतीने वळवले असेल, आणि ते साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवले असेल. त्याच कॅसेटवर पुढे भजन किंवा लग्नातली गाणी भरली गेली असतील तर ते लेखन कायमचे गेले. माळ्यावर उरले असेल ते टेपवरचा चुंबकीय थर टिकेल तोवरच.

इतिहाससंशोधक राजवाडे दारोदार हिंडून वाड्यांतले कागदांचे रुमाल सोडवत होते, तेव्हाही त्या कागदांत काय आहे, असे लोक विचारत. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड उभे राहिले. राजवाड्यांचे कागद निदान डोळ्यांनी वाचता येत होते. कॅसेटला यंत्र लागते, आणि ते यंत्रही नाहीसे होत चालले आहे. म्हणून इथे घाई जास्त.

कॅसेट सापडली तर तिच्यावर काही भरू नका. मागच्या दोन पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही पुसली जाणार नाही. ध्वनिक्षेपकाच्या चुंबकापासून दूर ठेवा. आवाज संगणकात उतरवताना तो दाबू नका, पूर्ण दर्जात ठेवा. त्या कर्कश आवाजातच प्रोग्राम आहे. लिहिणाऱ्याचे नाव, वर्ष आणि यंत्र सोबत टिपा, आणि तो हयात असेल तर त्याच्याकडून त्या लेखनाची हकिगत लिहून घ्या. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी ग्रंथालयांनी अशा कॅसेट, फ्लॉपी आणि छापील प्रोग्राम हस्तलिखितांच्या बरोबरीने स्वीकारावेत, असा ठराव मी या संमेलनापुढे मांडतो.