उन्हाळ्याआड लपणारी साखर

(वसंत व्याख्यानमालेत, वर्धा येथे दिलेले व्याख्यान)

मधुमेहावर बोलायला मे महिन्याइतका अडचणीचा काळ नाही, आणि म्हणूनच तो मला योग्य वाटतो. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलाय. अशा दिवसांत घसा कोरडा पडतो, अंगात त्राण राहत नाही, दोन-चार किलो वजन उतरतं. आपण म्हणतो, ऊन लागलं. नेमकी हीच लक्षणं रक्तातली साखर वाढल्याचीही असतात. आपल्या जिल्ह्यात हा आजार उन्हाळ्याआड लपतो, कापूस वेचणीच्या थकव्याआड लपतो, वयाआड लपतो. देवळीकडचे एक काका तपासायला आले होते. म्हणाले, "काही नाही डॉक्टर, उन्हाचं पाणी जास्त पेतो, म्हून रातच्याले चार-चार खेपा उठाव लागते." त्यांची साखर चारशेच्या पुढे होती.

यात फरक कसा ओळखायचा? उन्हाने तहान लागते तेव्हा पाणी घामावाटे जातं, म्हणून लघवी कमी होते आणि पिवळी होते. साखर वाढली की मूत्रपिंडं ती लघवीतून बाहेर टाकू लागतात आणि साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मग ऐन मे महिन्यातही लघवी भरपूर आणि वारंवार होते. तहान वाढली आणि लघवीही वाढली, तर उन्हाला दोष देऊ नका, दुसऱ्या दिवशी रक्त तपासा.

बाकीच्या खुणा लोक सहसा डॉक्टरला सांगत नाहीत. पायाला काटा रुतला आणि पंधरा दिवस झाले तरी जखम भरत नाही. तळपायाला मुंग्या येतात, रात्री आग होते. चष्म्याचा नंबर काही आठवड्यांत बदलतो. जांघेत, स्तनांखाली, गुप्तांगाला पुन्हा पुन्हा खाज येते. बायका हे लाजेपोटी लपवतात आणि दुकानातून मलम आणून लावत राहतात. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. आया मुलींना ओरडतात, मान नीट घासत जा म्हणून. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय याची ती खूण असू शकते, आणि साखर वाढण्याच्या कितीतरी आधी ती दिसू शकते.

लहान मुलांबद्दल एक वेगळी सूचना. मूल झपाट्याने वाळतंय, सारखं पाणी मागतंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय आणि त्यात उलट्या किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे उद्यापर्यंत थांबायचं नसतं.

आता हे सगळं सांगूनही मला म्हणायचंय ते वेगळंच आहे. मधुमेह असलेल्या पुष्कळ लोकांना पहिली काही वर्षं काहीच लक्षण नसतं. आपण लक्षणाची वाट पाहत बसलो तर उशीर होतो.

वाट पाहायला लावणारा आपला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे, "मी तर बारीक आहे, मला कशाची शुगर?" पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास 1993 पासून केला. ही बाळं साधारण 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायूंचं वजन, चरबी जवळजवळ तेवढीच टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा आपला बांधा जन्मापासूनच असतो. स्नायू म्हणजे जेवणातली साखर साठवायचं कोठार. आपलं कोठारच लहान, त्यात पोटाच्या आत चरबी, म्हणून कमी वजनातही आणि कमी वयातही साखर वाढते.

म्हणून वजनकाट्यापेक्षा दोरीवर जास्त भरवसा ठेवा. ही सुतळी पाहा. माझ्या उंचीइतकी कापून आणलीय. दुमडली की निम्मी झाली. आता श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता, ती बेंबीच्या पातळीवर गुंडाळायची. टोकं जुळली तर ठीक. मध्ये फट राहिली तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे धोका आहे. टेप असेल तर बाईसाठी 80 सेंटिमीटर, पुरुषासाठी 90 ही हद्द धरा. घरी गेल्यावर सगळ्यांचं मोजा, बारीक दिसणाऱ्या जावयाचंसुद्धा.

आता ताटाकडे वळू. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची एक योजना इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला, तेव्हा त्याचा हप्ता गावकरी ज्वारीत भरायचे. घरोघरी ज्वारी असायची म्हणून ते जमलं. आज त्याच शिवारात सोयाबीन आणि कपाशी आहे आणि ताटात रेशनचा तांदूळ, गहू. ज्वारी औषध नव्हे, चार भाकरी हाणल्या तर साखर तिनेही वाढते. पण तिच्यात कोंडा आहे, तिच्याबरोबर तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, झुणका असायचा. भाताचा ढीग आणि त्यावर पातळ वरण, हे आपलं आजचं ताट बदलायला हवं. भात निम्मा करा, डाळ घट्ट करा, भाजी दुप्पट करा.

गुळाबद्दलही स्पष्ट बोलतो. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 साली आपल्याच वर्ध्यात स्थापन झाला. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांचा पुरस्कार संघाच्या मगनवाडीतून झाला. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे आणि हातसडीच्या तांदळाचं म्हणणं आजही खरं आहे. पण साखर वाढलेल्या माणसाच्या रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. "मी साखर सोडली, गुळाचा चहा घेतो" यात फायदा नाही. एका कपाला दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत पन्नास ग्रॅम झाली. आपला वर्ध्याचा गोड गोरसपाक सणासुदीला जरूर खा. रोजचा गोड चहा त्याहून जास्त नुकसान करतो.

शेतकरी मला म्हणतात, आम्ही तर राबतो. पूर्वी राबत होतो हे खरं. आता नांगरणी ट्रॅक्टरने, निंदणाऐवजी तणनाशक, शेतावर जायला गाडी. वर्षातले काही आठवडे कंबर मोडेस्तोवर काम आणि बाकीचे महिने पारावर बसणं, असं झालंय. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी साखर सीमेवर असलेल्या 531 लोकांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध केला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्या आणि जेवण सुधारणाऱ्या गटात 39 टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, तेव्हा स्नायू साखर ओढून घेतात.

तपासणीसाठी खर्चाची सबब आता उरलेली नाही. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताईंकडे प्रश्नांचा फॉर्म असतो. तो टाळू नका, पुढची तपासणी मोफत होते. उपाशीपोटी साखर शंभरच्या आत हवी. 100 ते 125 ही सीमारेषा, इथून मागे फिरता येतं. 126 किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह.

विदर्भासाठी एक बारकावा आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात ती खोटी कमी येऊ शकते, लोहाच्या कमतरतेत खोटी जास्त. आपल्याकडे दोन्ही आहेत. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटीची व ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर करून घ्या.

शेवटी लेकीसुनांबद्दल. गरोदरपणात पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी व्हायला हवी. त्यात साखर वाढलेली निघाली, तर बाळंतपणानंतर ती बहुधा उतरते आणि सगळे विसरतात. त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका मात्र इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त राहतो. त्यात आपल्याकडे बाळंतपण माहेरी. कागद माहेरी राहतात, सासरच्या गावच्या आशाताईंना काही कळत नाही. म्हणून कार्ड तिच्या पिशवीत राहू द्या. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला नेता, त्या दिवशी आईला उपाशीपोटी न्या आणि तिचीही साखर तपासून घ्या.