उंबरठ्याबाहेरचा थोरला

लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा सर्वपरिचित. तिचा उत्तरार्ध मात्र बहुधा विसरला जातो. येशू पापी जनांच्या पंगतीस बसतो म्हणून कुरकुरणारे, धर्मनियम काटेकोरपणे पाळणारे परूशी हे तिचे मूळ श्रोते. धाकटा परतला, मेजवानी सुरू झाली. शेतावरून आलेला थोरला रागावून बाहेरच थांबला. वर्षानुवर्षे राबल्याचा त्याचा हिशेब खोटा नव्हे. (शिस्तप्रिय माणसास त्याची बाजू पटतेही!) परंतु भावाला तो भाऊ म्हणत नाही, बापाचा मुलगा, एवढाच उल्लेख करतो. बाप त्याला दटावीत नाही. धाकट्यासाठी तो धावला होता. थोरल्यासाठीही पंगत सोडून बाहेर येतो, विनवणी करतो. थोरला आत गेला काय? लूक ते सांगत नाही.